सातवा कोनाडा, डाव्या हाताला

आबा,

तुम्ही असता तर हे लिहिण्याची वेळच आली नसती. तुम्ही आधी विचारलं असतं, "कोनासंगं गेल्तीस?" आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. आता खरं सांगते. एकटी गेले होते. आईला म्हणाले लायब्ररीत जाते. श्रीरामपूरला उतरले, पण कॉलेजकडे न वळता राहुरीची गाडी पकडली.

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तुमच्या खाटेवर अजून कोणी बसत नाही. मांजर बसते, तिला कोणी उठवत नाही. दहाव्याला नदीवर भाषणं झाली. तुम्ही रेल्वेत इमानेइतबारे नोकरी केली, रोज लाईन पायी तपासली, एक दिवस खाडा केला नाही, असं तिघांनी सांगितलं. चौथ्यांनी तुमचं नाव चुकवलं, तेव्हा मागून कोणीतरी दुरुस्त केलं आणि लोक जरा हसले. तुम्हीही हसला असता. मी बायकांच्या मागे उभी होते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते माझंच होतं.

तुम्हाला ते आठवत होतं का, हे मला कधी विचारता आलं नाही. मला मात्र तो दिवस जसाच्या तसा आठवतो. प्रकल्पासाठी मी जुना रेल्वेचा बोगदा घेतला होता. सर म्हणाले होते की जुन्या माणसांशी बोला, आणि मी मोठ्या हौसेनं म्हणाले, माझे आजोबा त्याच लाईनवर होते. सर घरी आले. आईनं नवे कप काढले. तुम्ही टोपी घातली, शर्टाचं वरचं बटण लावलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या बोगद्यातून गाडी कशी जायची, पुढे लाईन डोंगराबाहेरून कशी नेली, बोगदा मागे कसा पडून राहिला, सगळं सांगितलंत. सर लिहून घेत होते. मला वाटलं, आता माझं नाव होणार.

मग तुम्ही पुढे बोललात. "आमच्या आज्याचा बा तिथं दगड घडवायला हुता. सातवा कोनाडा, डाव्या हाताला. त्येची खून हाय तिथं. अजून आसंल."

सरांनी पेन थांबवलं. "खूण म्हणजे?"

"उभी रेघ. दोन्ही अंगाला दोन-दोन ठिपकं. दगड हलला तर कोनाला बोलवायचं ते कळाया पायजे ना. आमच्या वाटनाच्या पाट्याला बी मागून तीच हाय. त्येनीच घडावला त्यो."

सर हसून म्हणाले, "बोगद्यात आहे याला काही पुरावा?" वाईट हसले नव्हते ते. पण मला कानापर्यंत गरम झालं. आपल्या घरातलं पहिलंच कोणी कॉलेजात गेलेलं, आणि त्याच्या प्रकल्पात पाट्याच्या मागची खूण. मी घाईघाईनं म्हणाले, "सर, ती घरची गोष्ट आहे. नका लिहू."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग कप खाली ठेवला आणि म्हणालात, "व्हय. घरचीच हाय."

बस्स, एवढंच. त्यानंतर तुम्ही बोगद्याचं नाव काढलं नाही. मी माफी मागितली नाही, कारण तुम्ही चिडलाच नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. नंतर दोनदा तुम्ही विचारलं, "रईवारी मोकळी हाय का?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "नाही आबा, सबमिशन आहे." कशासाठी मोकळी, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही.

म्हणून मला जायचं होतं. सरळ सांगते. तुमची आठवण काढायला गेले नव्हते. खूण आहे की नाही ते बघायला गेले होते. असली तर मी तुम्हाला सरांसमोर खोटं पाडलं. नसली तर काय, याचा विचार मी केला नव्हता. नसावी, असंही मनात कुठेतरी वाटत होतं. ती नसती तर माझं वाक्य थोडं कमी दुखलं असतं. हे लिहिताना लाज वाटते.

राहुरीहून सीटा भरल्या की सुटणारी वडापची जीप मिळाली. डोंगराखालच्या वाडीत उतरले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तुमची तीन सेलची बॅटरी पिशवीत होती, सेल नवे टाकले होते. शाळेच्या भिंतीजवळ एक म्हातारी शेळ्या सोडत होती. मी बोगद्याची वाट विचारली.

"कोनाची गं तू?"

मी तुमचं गाव सांगितलं. नाव नाही सांगितलं.

"आन एकलीच? फोटू काढाया?"

"व्हय."

"समद्यांला फोटूच काढायचे आसत्यात. मागं एक जन आला, फोटू काढून गेला, वाट इचारायची तर माज्याच शेळीला इचारीत हुता." ती जवळ आली आणि माझ्या डोक्याचा वास घेतला. "वासाचं तेल लावलंस व्हय? पल्याडच्या तोंडाला आग्या मोहोळ लोंबतंय. डोकं बांध. उजेड दावू नको, बोलू नको. आल्याड ऱ्हाशील तर काय न्हाई."

"आणि बिबट्या?"

"त्यो हाय म्हनत्यात. मी न्हाई पाह्यला. मोहोळ मातर पाह्यलंय."

ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि चढायला लागले. जुन्या लाईनचा भराव अजून ओळखू येतो. खडी कुठे कुठे शिल्लक आहे, बाकी वाळलेलं गवत. कुसळं मोज्यात शिरत होती. थांबून काढली की पुन्हा शिरायची. मागे वळून पाहिलं की वाडी दर वेळी लहान झालेली असायची. मोबाईलची रेंज आधी एक दांडी, मग काहीच नाही. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी कुठे आहे हे जगात त्या म्हातारीशिवाय कोणालाच माहीत नाही. तिलाही माझं नाव माहीत नाही.

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागला. आतून येणारा, ओल्या मातीच्या वासाचा. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. तोंडाशी थांबले. डाव्या बाजूच्या दगडावर हात ठेवला. रूळ तर आता नाहीत, पण तुम्ही रुळावर ठेवायचात तसाच ठेवला. "आधी डोळं अंधाराला द्यायचं, मग पाय." साठपर्यंत मोजलं. मनातल्या मनात तुम्हाला म्हणाले, आबा, मी शिरते.

तुम्ही एकट्यानं जाऊ नको म्हणायचात त्यावरून आपलं किती वेळा वाजलं होतं. मी म्हणायची, तुम्ही आयुष्यभर एकटेच चालला ना लाईनवर, हातात हातोडा आणि दोन झेंडे घेऊन. तुम्ही म्हणायचात, "मी नोकरीला हुतो. माझी वाट बघनारा पुढच्या चौकीवर कोन तरी आसायचा. येळंला पोचलो न्हाई तर त्यो शोधाया निघायचा. तुजी वाट कोन बघनार?" मी म्हणायची, मोबाईल असतो आता. त्या अंधारात मला तुमचा मुद्दा कळला. उशिराच कळला, नेहमीसारखा.

आत दगड सुंदर बसवले आहेत, आबा. एवढ्या वर्षांनी भिंतीचे सांधे सुटलेले नाहीत. दर थोड्या अंतरावर दोन्ही भिंतींत समोरासमोर कोनाडे, गाडी आली की माणसाला आत उभं राहता यावं म्हणून. मी डाव्या भिंतीला धरून मोजत गेले. पहिला. दुसरा. तिसऱ्यात वटवाघळांचा थर, तोंडावर ओढणी धरून त्यातही उजेड टाकला. चौथ्याशी छताचा एक मोठा तुकडा पडलेला, त्यावरून चढून जावं लागलं. पायाखालचा दगड घसरला आणि त्याचा आवाज लांबवर गेला आणि परत आला. परत येताना तो माणसाच्या पावलासारखा वाटला. मी बॅटरी बंद करून तशीच उभी राहिले.  मग पाचवा, सहावा. मग सातवा.

सातव्यात काही नव्हतं.

मी दगड न् दगड पाहिला. हातानं चाचपला. कोळी, ओल, पांढरा क्षार. रेघ नाही, ठिपके नाहीत. बॅटरी जवळ धरली, लांब धरली, तिरकी धरली. मग कोनाड्यात टेकून बसले. वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट इतकं रडू आलं की मीच घाबरले. त्या क्षणी मला तुम्ही खरे हवे होता. सर, प्रकल्प, काही आठवत नव्हतं. तुमची टोपी आणि ते वरचं बटण तेवढं दिसत होतं.

आणि रडता रडता मला आईचा आवाज आठवला. तुम्ही तिला फळीवरची डबी द्यायला सांगायचात, "डाव्या हाताला हाय बघ," आणि ती नेहमी चुकीच्या बाजूला शोधायची. मग वैतागून विचारायची, "आबा, ह्ये मानसाचं डावं हाय का रेल्वेचं?" तुमचं उत्तर ठरलेलं. "लाईनीवर एकच डावं आसतंय. किलोमीटरचा आकडा वाढतो तिकडं तोंड करायचं, मग काय ते डावं-उजवं. मानूस काय, कुठं बी तोंड करून हुबा ऱ्हातो."

मी माणसाच्या डाव्या हाताला मोजत आले होते. आणि मोजायला सुरुवातही चुकीच्या तोंडापासून केली होती. ड्युटीहून परतण्याबद्दल तुमचं ठरलेलं वाक्य होतं, "घराकडं येताना आकडा वाढत जायाचा." म्हणजे पहिला कोनाडा पलीकडच्या तोंडाला. जिथे मोहोळ होतं तिथे.

परत फिरावं असं वाटलं. हे खरं आहे, लपवत नाही. बॅटरीचा उजेड पिवळा पडायला लागला होता. नवे सेल दुकानदारानं कुठले दिले कोण जाणे. मोबाईलमध्ये चाळीस टक्के होते. सगळे कोनाडे सरसकट तपासत बसायला उजेड पुरला नसता. मोजूनच जायला हवं होतं. मी उठले आणि पुढे गेले.

मध्ये बोगदा वळतो. वळण घेतल्यावर समोर उजेडाचा गोल दिसला आणि त्याच वेळी आवाज ऐकू आला. आधी वाटलं लांब कुठे ट्रॅक्टर चाललाय. मग कळलं. बॅटरी विझवली. पुढचे कोनाडे हातानं मोजले, भिंत सोडायची नाही, पाय उचलून टाकायचा, घासायचा नाही. आठ, नऊ, दहा. उजेडाच्या गोलात वरच्या कमानीला काळं काहीतरी लोंबत होतं, पोत्याएवढं, आणि त्याच्यावरून लाट आल्यासारखं हलत होतं. तोंडाच्या अगदी जवळ आणखी एक कोनाडा असावा असं वाटत होतं. पण नुसतं वाटून चालणार नव्हतं. एक चुकला असता तर सगळंच चुकलं असतं. मी श्वास तोंडातून घेत आणखी वीसेक पावलं गेले. हात आत गेला. होता. अकरावा. म्हणजे तुमचा पहिला.

त्याच वेळी एक माशी ओढणीवर येऊन बसली. कानाच्या वर. तिचे पाय कापडावर चालताना ऐकू येत होते. मी हलले नाही. डोळे मिटले आणि तुम्ही सांगितलेलं साठ मोजणं पुन्हा सुरू केलं. एकेचाळीसला ती उडाली. मी साठ पूर्ण केले.

मग वळले. घराकडे तोंड केलं. आता डावा हात दुसऱ्या भिंतीवर होता. अंधारात हातानं मोजत निघाले. एक, दोन, तीन, चार. वळण ओलांडल्यावर बॅटरी लावली. पाच. सहाव्यानंतर माझे पाय आपोआप हळू झाले. आत येताना या भिंतीकडे मी एकदाही मान वळवली नव्हती.

सातव्यात उजेड टाकला.

बाकी कोनाडे धुरानं काळे होते. याची मागची भिंत अर्धी काळी आणि अर्धी स्वच्छ होती. घासून स्वच्छ केलेली. वर काजळी तशीच, खाली माणसाचा हात बसून जिथवर पोचेल तिथवर दगडाचा मूळ करडा रंग. आणि मधोमध, निम्मी काजळीत, निम्मी स्वच्छ दगडावर, एक उभी रेघ. खालच्या बाजूला दोन ठिपके स्पष्ट. वरचे दोन अजून धुराखाली.

खाली जमिनीवर ब्रश पडला होता. तारेचा. मुठीला हिरवं कापड गुंडाळलेलं, तुमच्या जुन्या झेंड्याचं. महिनाभर आई तो शोधत होती. शेजारच्यांनी नेला म्हणून तिनं दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

आबा, मला तो दिवस आठवला. तुम्ही राहात्याच्या बाजाराला जातो म्हणून सकाळीच गेलात आणि संध्याकाळी लंगडत आलात. धोतराला काळं लागलं होतं. आई म्हणाली, काय हो झालं? तुम्ही म्हणालात, "बाजारात पडलो. लई गर्दी." मी समोर वही घेऊन बसले होते. मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला तेव्हाही त्या कपाच्या दिवसाचं ओशाळवाणं वाटत होतं आणि म्हणून तुमच्याशी नीट बोलणं मी टाळत होते. नंतर एकवीस दिवसांनी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. गुडघ्याचा आणि त्याचा संबंध नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं तेव्हाही नाहीच म्हणाले.

माझ्यासाठी गेला होतात ना? पुरावा पाहिजे म्हणाले म्हणून? मी रविवारी मोकळी नव्हते, म्हणून एकटेच? या वयात, त्या गुडघ्यावर, तो छताचा पडलेला तुकडा चढून? मी त्या कोनाड्यात उभी राहून मोठ्यानं तुम्हाला बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज फिरून परत आला तेव्हा मोहोळाची आठवण झाली आणि गप्प बसले. तुमची वाट बघणारं पुढच्या चौकीवर कोण होतं, आबा? तुम्हाला उशीर झाला असता तर कोण निघालं असतं?

मग ब्रश उचलला आणि तुम्ही जिथे सोडलं होतं तिथून घासायला लागले. उभी राहून माझा हात वरपर्यंत पोचत होता. धूर सहज निघत नाही. दातओठ खाऊन घासावा लागतो. तुम्ही बसून घासलं असणार, थांबत थांबत. एक ठिपका निघाला. बॅटरी विझली. मोबाईल लावून दातात धरला. दुसरा निघाला. पाट्याच्या मागची खूण मी लहानपणापासून बोटानं गिरवलेली आहे. ही तशीच होती. वरचा उजवा ठिपका तिथेही जरा तिरका आहे, इथेही तिरका.

मी फोटो काढला. एकच. मग कपाळ दगडाला टेकवलं. दगड गार होता.

बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. म्हातारी वाडीच्या वरच्या बांधावर उभी होती, शेळ्या खाली सोडून. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय. म्हनलं आता पोरांला धाडावं." ती वाट बघत होती, आबा. नाव माहीत नसताना. मी तिला तुमचं नाव सांगितलं. रेल्वेत चावीवाले होते, हातोडा घेऊन लाईन तपासत चालायचे. ती म्हणाली, "त्यो मागल्या म्हैन्यात आल्ता की. म्हातारा, टोपीवाला. त्येच्यासाटी बी म्या बसून राह्यले. लई येळ लावला त्येनं."

म्हणजे तुमची वाट बघणारं कोणी होतं. एवढं मला कळलं. तिच्या हातचा कोरा चहा घेतला. तुम्हीही घेतला होतात म्हणे, साखर जास्त घालायला लावून.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं आधी पाठीत एक धपाटा घातला. मग ब्रश हातात घेतला, हिरव्या कापडाची सुटलेली गाठ पुन्हा बांधली आणि तो फळीवर ठेवला. डावीकडे. तुमच्या डावीकडे.

सोमवारी मी सरांकडे गेले. प्रकल्प परत मागितला. म्हणाले, एक पान जोडायचं आहे. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मोठा करून पाहिला, पाट्याचा फोटो शेजारी धरून पाहिला. मग पेन काढलं.

"ही माहिती कोणाकडून मिळाली म्हणून लिहायचं?"

मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. त्यांनी लिहिलं.

"तुझे कोण लागतात हेही लिहू का?" त्यांनी विचारलं.

"लिहा सर," मी म्हणाले. "घरचीच गोष्ट आहे."